उंबऱ्यावरचं पाणी

चर्चमधल्या गुरुवारच्या बायबल-वर्गाला एकच नियम होता आणि वर्ग घेणाऱ्या सरोजनं तो स्वतः घातला होता. आधी आपलं सांगायचं, मग शास्त्रातलं. क्षमेवर चर्चा असेल तर आपण कुणाला क्षमा केली, कुणाला करता आली नाही, हे प्रत्येकानं पहिल्यांदा बोलायचं आणि मगच वचनं उघडायची. नियमाचं कारण साधं होतं. तो नसता तर तिचे दीर अमृतभाऊजी सुरुवातीलाच पाठ असलेली सगळी वचनं म्हणून मोकळे झाले असते आणि बाकीची मोठी माणसं माना हलवून घरी गेली असती.

त्या गुरुवारी विषय बाप्तिस्म्याचा होता, कारण येत्या रविवारी प्रेरणाचा बाप्तिस्मा ठरला होता. प्रेरणा किकवीची, हिंदू शेतकरी घरातली, भोरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी. सरोजच्या मुलाशी, मंदारशी, तिचं लग्न ठरलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केल्यानंतरचं सगळं, म्हणजे चर्चची तारीख, मांडव, आचारी आणि हा बाप्तिस्मा, अमृतनं एकहाती उरकलं होतं. तो चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी होता. मोठा भाऊ, म्हणजे सरोजचा नवरा केशव, गेल्यापासून घरातली कार्यंही तोच पार पाडत असे, आणि पार पाडताना कुणाला फारसं विचारत नसे.

चर्चला लागून असलेल्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चहाची किटली फिरून झाली होती.

“आई, तुमच्यापासून सुरू करू,” सरोज सासूला म्हणाली.

रत्नाबाईंनी पदर सारखा केला. “माझं काय, मी तान्ही होते. पाळकांनी पाणी घातलं नि मी त्यांची दाढीच धरली. सोडेचना म्हणे.”

“अजून तरी कुठं सोडलीय?” अमृत म्हणाला. “इथं येणाऱ्या प्रत्येक पाळकाची दाढी हिच्याच हातात असते.”

भिंतीशी बसलेले पाळक सोमनाथ वयानं तरुण होते. त्यांनी आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. सगळे हसले. मग अमृतनं आपल्याला त्या दिवशी ताप कसा भरला ते सांगितलं, आणखी दोघांनी आईबापांकडून ऐकलेलं सांगितलं. फेरी सरोजपाशी आली.

“काकू, तुमचा तर मोठेपणी झाला ना?” प्रेरणानं विचारलं. “म्हणजे तुम्हालाच आठवत असेल. कसं वाटलं होतं?”

आजवर हा प्रश्न आला की सरोज “फार मोठा दिवस होता” एवढंच म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. पण आज विचारणारी पोरगी खुर्चीच्या कडेला पुढं सरकून बसली होती, आणि तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

“मला माहीतच नव्हतं,” सरोज म्हणाली.

“काय माहीत नव्हतं?”

“तो बाप्तिस्मा आहे, हे.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

“आम्ही पुण्यात रजिस्टर लग्न केलं नि संध्याकाळी इथं आलो. दारात जुने पाळक उभे. हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे नव्या नवरीवरून उंबऱ्यात भाकरतुकडा नि पाणी ओवाळून टाकतात. मला वाटलं, यांच्यात तीच रीत थोडी वेगळी असेल. त्यांनी काही विचारलं, मी हो म्हणाले. आणखी विचारलं, पुन्हा हो म्हणाले. नवी नवरी कशाला नाही म्हणेल? मग त्यांनी तांब्या उचलला. मी पाय पुढं केला.”

“पाय?”

“धुवायला. पाणी डोक्यावर पडलं.”

“मग कळलं कधी?” प्रेरणानं विचारलं.

“मंदारच्या बाप्तिस्म्याला. तेच प्रश्न, तसंच पाणी. मी केशवशेजारी उभी होते. तेव्हा लक्षात आलं, की हे माझंही होऊन गेलंय.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? पोरगं मांडीवर आलं होतं, घर आपलं झालं होतं. पुढं शास्त्र वाचत गेले, आवडत गेलं. झालं ते झालं म्हटलं.”

“काय बोलतेस हे, पाळकांच्या देखत?” रत्नाबाईंचा आवाज चढला. “चर्चच्या रजिस्टरात नाव आहे तुझं. खाली पाळकांची सही आहे.”

“नाव आहे, आई. त्याबद्दल वादच नाही.”

“मग वाद कशाबद्दल आहे?”

प्रेरणानं मध्येच विचारलं, “पण काकू, मग तो झाला का?”

“झाला म्हणजे काय!” अमृत म्हणाला. “अगं, तान्ह्या लेकराला तरी कुठं कळतं? त्याचा होतोच ना?”

“लेकराला कुणी विचारत नाही ना, काका. त्याच्या वतीनं आईबाप बोलतात. काकूंना विचारलं होतं. रविवारी मलापण विचारणार आहेत.”

अमृतनं पाळकांकडं पाहिलं. सोमनाथ जपून बोलले, “आपली मंडळी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी घातलं गेलं असेल, तर देवाच्या बाजूनं तो झाला.”

“आणि माझ्या बाजूनं?” सरोजनं विचारलं.

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे मला शिकताना कुणी विचारलं नव्हतं, बाई. मला विचार करू द्या.”

“करा,” रत्नाबाई उठल्या. “वर्ग संपला.”

वर्ग संपवायचा असतो तो सरोजनं, प्रार्थना करून. त्या दिवशी प्रार्थना राहूनच गेली.

घरी आल्यावर रत्नाबाईंनी धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली. सरोज शेजारी उभी राहिली, तिला फडकं मिळेना.

“मी फसवलं असं म्हणायचंय तुला.”

“तसं म्हणाले नाही मी.”

“चारचौघांत म्हणालीस, सासूनं पाण्याच्या निमित्तानं बाटवलं.”

“हा शब्द माझा नाही, आई.”

“गावाचा होईल. उद्या सकाळी होईल.” रत्नाबाईंनी पातेलं पालथं घातलं. “ऐक. पाळक म्हणाले होते, आधी वर्षभर पोरीला शिकवा. वर्षभर! तोवर लग्नाला चर्चमधला आशीर्वाद नाही. केशव माझा पहिला मुलगा. मी पाळकांना सांगितलं, पोरीची पूर्ण तयारी आहे.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“मला वाटलं, केशवनं तुला सगळं समजावलं असेल.”

“केशवला वाटत होतं, तुम्ही समजावलं असेल. मी त्याला नंतर विचारलं होतं.”

रत्नाबाईंचा हात नळावर तसाच राहिला. हे त्यांना नवीन होतं. “मग तो मला कधी बोलला नाही ते?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“हे बरंय,” रत्नाबाई म्हणाल्या. “सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळून घेतलं, नि आता दोष माझा.” त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि टीव्ही न लावताच त्याच्यासमोर बसल्या.

मंदारचा पुण्याहून फोन आला. “आई, प्रेरणा म्हणतेय तिला रविवारचा विचार करायचाय. तू काय सांगितलंस तिला?”

“तिनं विचारलं ते सांगितलं. तुझं काय म्हणणं आहे?”

“मला दोन्ही चालेल.”

“तुला दोन्ही चालतं, हाच घोळ आहे. तुझ्या वडिलांनाही दोन्ही चालायचं.”

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण केशवला असं कधी म्हटलं नव्हतं. तो असताना मनातसुद्धा आलं नव्हतं.

शुक्रवारी अमृत आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पेढे आणले म्हणजे त्याला काहीतरी मान्य करून घ्यायचं असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रत्नाबाईंनी पुडा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला.

“वहिनी, मी रात्रभर विचार केला. तुम्ही वर्गाला एवढंच सांगा, की मनातून तयारी होती, फक्त शब्द ठाऊक नव्हता. खोटं होतंय का यात काही?”

यात काही खोटं होतं का, हेच सरोजला ठरवता येईना. लग्नाआधी केशव वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. औषधं बांधता बांधता तो चर्चमधली गीतं गुणगुणायचा आणि ती, तोरण्याच्या पायथ्याच्या गावातून आईला घेऊन आलेली मुलगी, रांगेतला आपला नंबर मागच्या बाईला देऊन ऐकत थांबायची. ती तयारी होती का? आणि असेल तर ती कशाची होती, देवाची की केशवची?

“असेलही खरं, भाऊजी. पण मला आता सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही म्हणजे? वर्ग तुम्ही घेता!”

“म्हणून तर.”

“बघा, प्रेरणाचे वडील येणार आहेत रविवारी. त्यांना पहिल्या बाकावर बसवतोय मी. त्यांच्यासमोर हा गोंधळ नको.” तो दाराशी जाऊन परत फिरला. “आणि तुमचाच बाप्तिस्मा झाला नाही म्हटलं, तर मंदारच्या आईला आम्ही मंडळीत काय म्हणून धरायचं? बाप्तिस्मा झालेल्यालाच भाकर नि प्याला मिळतो, नि तुम्ही इतकी वर्षं प्रभुभोजन घेताय, ते काय होतं?”

हा प्रश्न सरोज स्वतःला आदल्या दिवसापासून विचारत होती. त्यानं तो मोठ्यानं विचारला म्हणून उत्तर जवळ आलं नाही.

शनिवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ गोरख आला. लग्नासाठी तांदळाचं पोतं टेम्पोत टाकून त्यानं वेल्ह्याहून आणलं होतं.

“आंबेमव्हर हाय, आक्का. जुना. पानी बेतानं घालायला सांग आचाऱ्याला, न्हाईतर लापशी करंल.” त्यानं रत्नाबाईंना हात जोडले. त्यांनी मान हलवली, पण नेहमीसारखी गावाकडची चौकशी केली नाही. गोरख सरळ स्वयंपाकघरात आला. “म्हातारीचं काय बिनसलंय?”

सरोजनं त्याला चहा दिला आणि विचारलं, “मी या घरात आले त्या दिवशी तू होतास. काय आठवतं तुला?”

“लई आठवतं. पुन्याहून तुमच्यासंगंच आलतो, म्या दादांसंगं अंगनात हुतो. दादांनी खांद्यावरची पिशवी उतरवलीच न्हाई.”

“एस्टी चुकेल म्हणून.”

“कुठली एस्टी? येल्ह्याची गाडी सकाळच्याला हुती. आमी रातभर स्टँडावर बसून काढली.”

सरोजनं हातातलं भांडं खाली ठेवलं. आपले वडील, सोनबा, त्या संध्याकाळी न जेवता गाडी गाठायला गेले, हे ती तीस वर्षं धरून चालली होती. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

“मग जेवायला का थांबले नाहीत?”

“तू व्हय म्हनलीस म्हनून.”

“कशाला व्हय म्हणाले?”

गोरखनं तिच्याकडं पाहिलं, ती थट्टा करत नाही याची खात्री केली. “पाद्रीबाबानं इचारलं न्हाई का? मागले देव सोडलेस का, म्हनून. तू व्हय म्हनलीस. मोट्यानं म्हनलीस. दादा म्हनले, चल. मला वाटलं, आता काय तरी बोलत्याल. तर स्टँडावर म्हनले, कुनी जोर केला न्हाई, पोरीनं आपल्या तोंडानं म्हनलं. आता तिच्या देवाधर्मात आपन पडायचं न्हाई. तवापासनं तुला जत्रंला बोलवायचं बंद केलं.”

“मला वाटायचं, राग आहे. मनाविरुद्ध लग्न केलं त्याचा.”

“राग कुठला गं? पोरीची तिकडं अडचन नको. आयला सुदिक दम दिलता, तिला निवद-नारळाचं काय धाडू नगंस.”

सोनबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटच्या दुखण्यात सरोज त्यांच्या उशाशी बसली होती, तेव्हाही ते तिच्या चर्चविषयी अदबीनं चौकशी करत, परक्याच्या घरी बोलावं तसे. तिला ते टोमणे वाटले होते.

“गोरख, मला तो प्रश्न ऐकू आला नव्हता.”

“मानूस समोर हुता की. हातभर लांब.”

“हातभरही नाही,” बाहेरच्या खोलीतून रत्नाबाई म्हणाल्या. “मी मध्ये होते.”

“मग मला ऐकू कसा नाही आला, आई?”

“आला असेल. नसेल. मला काय ठाऊक? मी तुझ्या साडीकडं बघत होते, पाण्यानं रंग जाईल म्हणून.”

गोरखनं चहा संपवला. बहीण नक्की कशानं अडली आहे हे त्याला समजत नव्हतं आणि त्यानं तसं सांगितलंही. “देव सोडले असशील तर सोडले. न्हाईतर न्हाई. ते काय रागवून बसल्यात व्हय?”

तो गेल्यावर सरोजनं प्रेरणाला फोन लावला.

“उद्या तुझे वडील येणारेत ना? तिथं तुला काय विचारणार आहेत, हे त्यांना माहीत आहे का?”

“नाही. अमृतकाका म्हणाले, कार्यक्रम आहे एवढंच सांग, बाकी आल्यावर कळेलच.”

“तुला तरी माहीत आहे?”

“वाचलंय. काही समजलं, काही नाही. मी विचारणार होते, पण वर्ग संपला.”

“आज घरी बस आणि त्यांना प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखव. मग तू काय म्हणायचं ते तू ठरव. त्यांनी यायचं का, ते त्यांना ठरवू दे. त्यांना तिथं उभं राहून ऐकायला लावू नकोस.”

“काकू, पण तुमचं काय ठरलं? झाला की नाही?”

“मला नाही कळत गं,” सरोज म्हणाली. “तुझं माझ्यावर अडवू नकोस.”

रविवारी उपासनेआधी चर्चच्या पायरीवर अमृत घामाघूम झाला होता. प्रेरणा आली होती, तिचे वडीलही आले होते, स्वच्छ टोपी घालून. पण प्रेरणानं आल्या आल्या पाळकांना सांगितलं होतं की आज नको.

“पप्पा म्हणाले, आधी ते पण गुरुवारी येऊन बसतील. काय शिकवतात ते बघतील. मग बघू.”

“मंडपवाल्याला काय सांगू?” अमृतनं विचारलं. “बघू असं सांगू?”

“मंदार म्हणतो, तोवर रजिस्टर लग्न करू.”

“वहिनी, हे तुमचं काम आहे!”

“हो,” सरोज म्हणाली. मग ती पाळकांकडं वळली. “आणि आज प्रभुभोजनाला मी पुढं येत नाही. माझं मला कळेपर्यंत.”

सोमनाथ म्हणाले, “मी तुम्हाला अडवत नाही. तुमचं नाव आहे. तुमचा विश्वास इतकी वर्षं मंडळीनं पाहिलाय.”

“कुणीच अडवत नाही, पाळकसाहेब. तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं.”

घंटा झाली.

गीतं झाली, वाचन झालं, उपदेश झाला. सरोजचं एकाही शब्दाकडं लक्ष लागलं नाही, आणि त्या संध्याकाळी उंबऱ्यातही असंच झालं असेल का, हा विचार तिला सोडेना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी ती जे मनापासून म्हणत आली, ते त्या संध्याकाळच्या होकारावर उभं होतं, की त्याच्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता? दोन्ही उत्तरं तिला पटत होती. प्रेरणा तिच्या डाव्या हाताला बसली होती आणि तिच्या पलीकडे वडील. अमृतनं राखून ठेवलेल्या पहिल्या बाकावर ते गेलेच नव्हते.

मंडळी रांगेनं पुढं जाऊ लागली. त्यांच्या बाकाची पाळी आली. रत्नाबाई काठी टेकत उठल्या आणि सवयीनं त्यांनी हात मागं केला. काठी नसलेल्या हाताला नेहमी सरोजचा आधार असे.

“चल.”

“आई, मी नाही.”

“लोक बघतायत.”

“बघू द्या.”

रत्नाबाई एकट्याच निघाल्या. मधल्या वाटेत त्यांची काठी वाजत होती आणि बाकी काही वाजत नव्हतं. अमृत पुढून लगबगीनं आला, त्यानं हात पुढं केला. रत्नाबाईंनी त्या हाताकडं पाहिलं, मग पांढरं कापड अंथरलेल्या मेजाकडं, प्याला घेऊन थांबलेल्या पाळकांकडं. तिथंच त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मागची रांग थांबली. मग त्या वळल्या आणि आल्या वाटेनं परत आपल्या बाकापाशी आल्या.

“सरक तिकडं.”

“आई, तुमचं कशाला? तुमचा काय प्रश्न आहे यात?”

“त्या दिवशी पाळकांना मी खरं सांगितलं होतं का खोटं, ते आधी मला ठरवू दे,” रत्नाबाई म्हणाल्या, हळू बोलण्याची तसदी न घेता. “सरक.”

सरोज सरकली. ती सरकली म्हणून प्रेरणा सरकली, आणि बाकाच्या टोकाला बसलेले किकवीचे पाहुणे, ज्यांना आत्ता काय झालं ते मुळीच समजलं नव्हतं, तेही टोपी सावरत भिंतीपर्यंत सरकले.